बंदूक सगळ्यात शेवटी: विस्कॉन्सिनमध्ये हरणाची शिकार शिकताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चौतीस, मूळ साताऱ्याकडचे, पाच वर्षांपासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला नोकरी, व्हिसा एच-वन-बी. ऑफिसातले लोक नोव्हेंबरात हरणं मारून आणतात, त्यातलं मांस तुम्ही खाल्लंत, आवडलं, आणि आता स्वतः शिकायचंय. बंदूक आजवर हातात धरलेली नाही आणि बायकोला ती घरात नकोय. विचारलंय ते हे, की पहिली रायफल कोणती घेऊ. आणि अगदी शेवटी एक ओळ: मारल्यावर वाईट वाटतं का?

मी याच राज्यात चौदा वर्षं शिकार करतोय. सुरुवात केली तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. गेली सहा वर्षं शिकारी-सुरक्षेच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो, त्यामुळे तुमच्यासारखे प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतात.

रायफलचा प्रश्न यातला सगळ्यात सोपा आहे, त्याचं उत्तर पुढे चार ओळींत देतो. खरी अडचण वेगळी आहे. इथली पोरं दहा-बारा वर्षांची असल्यापासून बापाच्या, आजोबांच्या मागून रानात जातात. गप्प कसं बसायचं, सुरी कुठून फिरवायची आणि मुख्य म्हणजे बार कधी काढायचा नाही, हे त्यांना कोणी वेगळं शिकवत नाही, ती बघून शिकतात. आपल्याला तो बाप नाही. त्याऐवजी आपल्याकडे पगार आहे, म्हणून एका शनिवारी दुकानात जाऊन सगळं सामान घेता येतं. मग होतं काय, की आधी बंदूक, मग कपडे, मग व्हिडिओ, आणि रान सगळ्यात शेवटी. मी सांगेन तो क्रम बरोबर याच्या उलटा आहे.

आधी व्हिसाचं बोलू, कारण यात चूक झाली तर बाकीचं बोलण्यात अर्थच उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. 'बाळगणं' याचा अर्थही नीट समजून घ्या. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेसुद्धा त्यात येऊ शकतं. आणि जिथे लोक हमखास चुकतात ती जागा ही: विस्कॉन्सिनचं लायसन्स ३१ मार्चला संपतं. बंदूक मात्र कपाटातच असते. १ एप्रिलला नवं लायसन्स नसेल तर आदल्या दिवशी कायदेशीर असलेली तीच बंदूक गुन्हा ठरू शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मी सुरुवात केली तेव्हा माझं ग्रीन कार्ड झालं होतं, म्हणून हा अनुभव माझा स्वतःचा नाही, वर्गात आलेल्या लोकांसोबत बसून वाचलेला आहे. तुम्ही इमिग्रेशन वकिलाला एकदा फी देऊन हे लेखी विचारून घ्या. बंदुकीच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

यातून एक वेगळी वाटही निघते. क्रॉसबो (चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य) किंवा साधं धनुष्य फेडरल कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही. विस्कॉन्सिनमध्ये त्यांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र नऊच दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारपासून. तुमचा व्हिसा आणि बायकोचं म्हणणं, दोन्ही पाहता मला क्रॉसबो तुमच्यासाठी जास्त बरी वाटते. तिचा पल्ला तीस-चाळीस यार्डांचा. म्हणजे हरणाच्या खूप जवळ जावं लागतं, चुका लगेच कळतात, आणि शिकणं दुप्पट होतं. तुम्ही रायफलच घ्यायचं ठरवलंत तरी पुढचं सगळं तुम्हाला लागू आहेच.

लायसन्ससाठी कोर्स लागतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-सुरक्षेचं प्रमाणपत्र इथे बंधनकारक आहे. अठरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो आणि व्हिसावर असाल तर आधी तोच करा. पण शक्य होईल तेव्हा प्रत्यक्ष वर्गातही येऊन बसा. तिथे बंदूक हाताळायची वेळ येईल, म्हणून व्हिसाचं आधीच सांगून ठेवा. वर्गात आम्ही चार नियम घोकून घेतो: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला, सावज आणि सावजाच्या मागे काय आहे याची खात्री, आणि बार काढायची तयारी होईपर्यंत बोट चापाबाहेर. यातला तिसरा नियम कागदावर सोपा दिसतो आणि रानात सगळ्यात जड जातो. टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ, अशी उभी असलेली मोठ्या शिंगांची नर हरणं मी तीनदा सोडली आहेत. रायफलची गोळी मैलभर सहज जाते, आणि माथ्यापलीकडे कोणाचं शेत आहे, कोणाची पोरं आहेत, तिथून दिसत नाही.

कोर्सच्या जोडीला माणूस शोधा. राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याचा, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, 'लर्न टू हंट' नावाचा कार्यक्रम आहे. तो प्रौढ नवख्यांसाठीही असतो, आणि त्यात वर्गापासून प्रत्यक्ष शिकारीपर्यंत एक अनुभवी माणूस बरोबर राहतो. तुमच्या ऑफिसातल्या ज्या माणसाने तुम्हाला मांस दिलं, त्यालाही विचारा. फक्त 'मला शिकार करायला ने' असं म्हणू नका. 'या वर्षी तू मारशील ते हरीण ओढायला आणि कापायला मी येतो' असं म्हणा. शिकारीच्या दिवशी दोन हात जास्तीचे कोणालाही हवेच असतात. मी पहिल्या वर्षी फक्त एवढंच केलं आणि त्या एका वर्षात जितकं शिकलो तितकं पुढच्या तीन वर्षांत नाही.

आपल्याकडच्या माणसाला इथे एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शिकार म्हटलं की संस्थान आठवतं: दाजीपूरचं राखीव रान, पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार. ती राजाची गोष्ट होती, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती कोणाचीच राहिली नाही, ते योग्यच झालं. त्यामुळे मनात कुठेतरी शिकार म्हणजे एकतर राजेशाही नाहीतर चोरी, असं बसलेलं असतं. इथे रानातलं जनावर जनतेच्या मालकीचं मानतात. पाच लाखांहून जास्त लोक दरवर्षी विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामाचं लायसन्स घेतात, त्यात शाळेचे मास्तर, नर्सा, शेतकरी सगळे आले. बंदुका आणि काडतुसांवर एक वेगळा फेडरल कर आहे, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्यापासून तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो. रानातल्या शिकारीचं मांस विकायला मात्र बंदी आहे. तुमचं फ्रीझर भरा, शेजाऱ्याला द्या, पण धंदा नाही.

आता रायफल, सांगितल्याप्रमाणे चार ओळींत. साधी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने खटका ओढून भरायची; काडतूस पॉइंट २४३, सेव्हन-एमएम-ओएट किंवा पॉइंट ३०८ यांपैकी कुठल्याही मापाचं, त्यावर तीन ते नऊ पटींची दुर्बीण. जुनी, चांगल्या अवस्थेतली चालेल. जास्त दारूच्या काडतुसाची, खांद्याला जोरात लाथ बसणारी मॅग्नम घेऊ नका, कारण दणक्याची भीती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि ती सवय जाता जात नाही. गोळी तांब्याची घ्या; शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात दूरवर पसरतात, आणि घरात लहान मूल असेल तर तो धोका कशाला?

सराव टेबलावर बसून करू नका. टेबलावरून नेम जुळवून घ्या आणि मग उठा. जेवणाची आठ इंची कागदी प्लेट लावा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा असते. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, काठीवर नळी ठेवून मारा. पाचच्या पाच गोळ्या ज्या अंतरावरून प्लेटमध्ये बसतात तेवढाच तुमचा पल्ला. तो साठ यार्ड निघाला तर साठ. ऐंशी यार्डांवरचं हरीण मग तुमचं नाही, ते जाऊ द्यायचं.

खरी शाळा वाऱ्याची आहे. हरणाचे डोळे आणि कान चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. मी स्वतः शिकारीला बसलो ते पहिले दोन हंगाम रिकामे गेले ते याच कारणाने. चांगली पायवाट सापडली, ताज्या लेंड्या, झाडाच्या खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा, सगळं होतं. मी रोज तिथेच बसायचो आणि रोज मागून कुठूनतरी फुसकारा ऐकू यायचा. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, सायकलच्या ट्यूबमधली हवा एकदम सुटावी तसा. मग पांढरी शेपटी वर करून हरीण दिसेनासं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला शिकवलं. त्याने खिशातून मिल्कवीडची शेंग काढली आणि एक बी चिमटीत धरून सोडलं. मी बघतच राहिलो, कारण ती आपली म्हातारी होती. रुईच्या बोंडातून उडणारी, लहानपणी आपण फुंकर मारत जिच्यामागे पळायचो, ती. मिल्कवीड रुईच्याच कुळातलं. ते बी माझ्या चेहऱ्याकडून सरळ पुढे गेलं, वीस पावलांवर थबकलं, वळलं आणि ओहोळात उतरून थेट त्या पायवाटेवर गेलं. माझा वास दोन वर्षं रोज त्याच रस्त्याने जात होता. सकाळी ऊन चढू लागलं की हवा चढाकडे सरकते, संध्याकाळी गार होऊन उताराकडे येते, आणि ओहोळ तर तिला नळीसारखा ओढतो. तुम्ही सप्टेंबरात अशा चार शेंगा गोळा करून ठेवा. बसायची जागा त्याच ठरवतील, आणि वारा फिरला तर तिथून उठायचं, कितीही जीव गुंतलेला असला तरी.

जागा कुठून मिळेल? सरकारी जमीन भरपूर आहे. उत्तरेचं शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वन एकटंच सुमारे १५ लाख एकरांचं आहे. मॅडिसनच्या आसपासच्या सरकारी तुकड्यांवर पहिल्या शनिवारी गर्दी असते, म्हणून सोमवार-मंगळवारची रजा टाका आणि गाडीतळापासून बाकीचे जातात त्याच्या पलीकडे चाला. खासगी शेतावर जायचं तर जुलैत दार ठोठवा, नोव्हेंबरात नाही. मी परवानगी देणाऱ्या दोन घरांना दर डिसेंबरला करंज्या आणि त्यांच्याच रानातल्या हरणाचा खिमा देतो. लक्षात ठेवा, जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात गेलं तरी मालकाच्या परवानगीशिवाय तुम्हाला आत जाता येत नाही.

मचाणावर बसणार असाल तर एकच गोष्ट: पट्टा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगभर पट्टा दोरीला अडकवलेला हवा. रिकामी बंदूक वेगळ्या दोरीने वर ओढायची, खांद्यावर घेऊन चढायचं नाही. इथे शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडणं हे फार मोठं कारण आहे. पहिल्या वर्षी मी तर म्हणेन जमिनीवरच बसा. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर निदान अर्धं अंग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपड्यांनी झाकलेलं असायला हवं, तो कायदाच आहे, आणि हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही.

आता बार. आडवं उभं असलेलं किंवा किंचित पलीकडे तोंड केलेलं हरीण, पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून नाही, मागून नाही, पळतं नाही. इथे काही लोक हाका घालून हरणं उठवतात आणि पळत्या जनावरावर मारतात. नवख्याने त्यात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

माझ्या तिसऱ्या हंगामात मी एक चूक केली, ती सांगतो. संध्याकाळची वेळ, नर हरीण तिरकं माझ्याकडे तोंड करून उभं. थांबायला हवं होतं. उजेड जात होता म्हणून मारलं. ते पाठीला कुबड काढून, पाय ओढत गेलं. जमिनीवर रक्त थोडं, काळपट, त्यात हिरवट चारा. म्हणजे गोळी पोटात. अशा वेळी निदान सहा-आठ तास हलायचं नसतं, जनावर जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच प्राण सोडतं. मी वीस मिनिटांत मागे गेलो, त्याला उठवलं, आणि ते रात्रीत दलदलीत शिरलं. दुसरा पूर्ण दिवस गुडघाभर चिखलात शोधलं. मिळालं नाही. त्या जनावराचं मरण माझ्यामुळे लांबलं, आणि त्यानंतर मी तसा बार पुन्हा कधी काढलेला नाही.

म्हणून रक्त वाचायला शिका. फिकट गुलाबी, फेस असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासाने जा. गडद तपकिरी, लालसर म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबा. बार काढला त्या जागी आधी खूण बांधा, आणि प्रत्येक रक्ताच्या थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा टाकत जा. थेंब संपले की मागे वळून बघा, पांढऱ्या तुकड्यांची रेघ हरीण कुठे वळलं ते दाखवते.

सुरीचं काम पाहण्याआधी गोळी मारू नका. पोट उघडताना दोन बोटं पात्याखाली आत घालून कातडं वर उचलायचं, म्हणजे टोक आतड्याला लागत नाही. मूत्राशय अलगद, छाती-पोटामधला पडदा बरगड्यांच्या कडेने, मग छातीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका वरून कापायची आणि एका ओढीत सगळं बाहेर. उणे आठ तापमानात त्यातून वाफ निघते आणि गारठलेल्या बोटांना आतली ऊब लागते. याची तयारी घरी होऊ शकते. एखाद्या फार्मवरून अख्खा बोकड आणा, मांडी सांध्यातून सोडवा, पाठीचा पट्टा हाडापासून उतरवा. हात तोच, जनावर जरा मोठं. साधारण १५० पौंडांच्या हरणातून पन्नास-साठ पौंड निव्वळ मांस निघतं. मारलेल्या हरणाची डीएनआरकडे नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर.

मांस खाण्याआधी तपासणी. इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली सापडला, आणि तुमच्या मॅडिसनचा परिसर त्यातच येतो. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. त्याचं कारण असणारं प्रथिन शिजवून मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी. मानेच्या चार-पाच इंचांसकट डोकं डीएनआरच्या पेटीत ठेवायचं, तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत पाकिटांवर हरणाचा नंबर लिहून फ्रीझरमध्ये. पूर्वी मी त्याच संध्याकाळी यकृत कांदा-लसूण मसाल्यात परतायचो. आता नाही. निकाल आला की मात्र मान आणि नळ्या तांबड्या रश्श्याला द्या. हरणाची चरबी सगळी काढून टाका, ती टाळूला मेणासारखी चिकटते.

बायकोचं म्हणणं बाजूला सारू नका. घरात कुलूपबंद तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली दोघांना ठाऊक, हे किमान आहे. त्यावरही तिचं नाही म्हणणं असेल तर क्रॉसबो आहेच. आमच्याकडे हिने होकार दिला तो दुसऱ्या वर्षी, मांस कापताना माझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभी राहिल्यावर.

आणि तुमची शेवटची ओळ. हो, वाटतं. माझं पहिलं हरीण मादी होती, सकाळी सात वाजून काही मिनिटांनी, पंचावन्न यार्डांवरून. साठ-सत्तर पावलं गेली आणि पडली. मी अर्धा तास घड्याळ लावून बसलो, हात थरथरत होते, थंडीने नाही. जवळ गेलो तेव्हा डोळे उघडे होते आणि पापणीवर बर्फाचा एक कण वितळत होता. हातमोजा काढून मी तिच्या मानेवर हात ठेवला. केस वरून गार, आत मुळाशी अजून गरम. किती वेळ तसा बसलो माहीत नाही. मग उठून बाही वर केली आणि सुरी काढली, कारण आठ वाजत आले होते आणि गाडी पाऊण मैल लांब होती.